ध चा लोगो: कुठवर आलं

मंडळी, लोगोचं काम आता बरंच पुढं सरकलंय. नवीन लोकांसाठी सांगतो, दिवसा ऑफिस आणि रात्री लेटरिंग असं आपलं चालतं, नेमप्लेटा आणि गाड्यांवरची नावं करून देतो, तर कामाखाली टाकायला आणि इन्स्टाच्या डीपीला स्वतःचं काहीतरी पाहिजे म्हणून आडनावातला ध घेतलाय.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते शिरोरेषेनं. हल्ली बिनरेषेच्या अक्षरांची लय फॅशन आहे, दिसतात पण भारी, पण ध ला ते झेपत नाही. ध आणि घ मध्ये फरक कितीसा, वरची गाठ आणि रेषेतली मोकळी जागा, घ वर रेषा सलग जाते. रेषाच उडवली की सगळा भार त्या गाठीवर येतो आणि डीपीच्या साइजला गाठ म्हणजे नुसता ठिपका. बहिणीला मोबाईलवर दाखवलं तर म्हणाली, "हा घ कुणाचा रे?" विषय संपला. मग रेषा फक्त दांड्यावर ठेवली, तीबी आखूड, आणि गाठीच्या आतली पोकळी मुद्दाम फुगवली, आता छोट्या साइजलाही बुजत नाही.

मूळ अक्षर बोरूनंच काढलंय. देवनागरीसाठी बोरूच्या टोकाचा तिरका काट इंग्रजीच्या उलटा, त्यामुळं इंग्रजी निबनं लिहिलं की जाड-बारीक भलत्याच जागी जातं. स्कॅन करून इंकस्केप या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं, ऑटो ट्रेस केलं, म्हणजे सॉफ्टवेअरलाच गिरवायला लावलं, की काठाला नोडचा, म्हणजे रेषा धरणाऱ्या बिंदूंचा, नुसता खच पडतो म्हणून वरून पेन टूलनं हातानं गिरवलं, नोड शक्यतो वळणाच्या टोकालाच. खाली नाव मुक्ता फॉन्टमध्ये, 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्यांचा, ओपन फॉन्ट लायसन्स आहे, लोगोत वापरायला पैशाची भानगड नाही.

रंग अजून घातलाच नाही. काळ्यात उभं राहत नाही ते रंगात काय राहणार. एक मित्र मागं लागलाय की गाठीच्या जागी कोल्हापुरी चप्पल टाक. भावा, गावातल्या निम्म्या बोर्डांवर चप्पल नाहीतर मिसळ आहेच की!

रेडियमवाल्याकडं कटिंग करून बघितलं, बारीक टोकं सोलताना उचलतात, म्हणून टोकं जरा बोथट केली. आता इथं कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत शिक्का करायला टाकणार आहे. तोवर सांगा, दांड्याचं खालचं टोक तिरकं ठेवू का सरळ छाटू? मला तिरकं आवडतंय, पण शिक्क्यात ते कसं उठतंय कुणी करून बघितलंय का?