त्या मालिकेवरच्या पुस्तकांबद्दल, तुम्ही विचारलंत म्हणून

घरी आलेला माणूस पुस्तकांच्या कपाटापुढे उभा राहतो. वरच्या दोन खणांपर्यंत सगळं ठीक असतं, मान डोलते. तिसऱ्या खणाशी ती थबकते. तिथे पिवळ्या पडलेल्या, पाठीला घड्या पडलेल्या साठ-सत्तर पेपरबॅक आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीवर तेच यान, तीच दोन-चार माणसं. मग तुमचा प्रश्न येतो. कुणी हसून विचारतं, कुणी काळजीनं. "ही स्टार ट्रेकची पुस्तकं तू खरंच वाचतोस? त्या अमेरिकन अंतराळयानाच्या टीव्ही मालिकेवरची? चांगली असतात का रे?"

इतक्या वर्षांत मी याची तीन-चार उत्तरं दिली आणि प्रत्येक वेळी ठासून दिली.

पहिलं घरच्यांसाठी होतं: इंग्रजी सुधारतं. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर स्टार ट्रेक लागायचं तेव्हा मला त्यातलं निम्मं कळत नसे. तेच छापलेलं मिळालं तर पोरगं डिक्शनरी तरी उघडेल, असं वडिलांना वाटलं आणि किंग्ज सर्कलच्या फूटपाथवरून पहिली प्रत त्यांनीच घेऊन दिली. डिक्शनरी मी उघडली नाही.

दुसरं उत्तर महाभारताचं. "कर्णावर कादंबरी लिहिली की साहित्य, आणि स्पॉकवर लिहिली की कचरा का?" (स्पॉक म्हणजे स्टार ट्रेकमधला तो टोकदार कानांचा.) हे मी किती पंगतींत टाकलंय त्याला गणती नाही. टाळी हमखास. पण आता टाकत नाही, कारण ते खोटं आहे. महाभारतावर लिहिणाऱ्याला व्यासांच्या कचेरीतून पत्र येत नाही की, कर्णाचं लग्न तूर्त दाखवू नये. तो चुकतो तर स्वतःच्या हिमतीवर चुकतो. टाय-इन, म्हणजे मालिकेवर किंवा चित्रपटावर बेतलेलं पुस्तक, लिहिणाऱ्याला मात्र माणसं भाड्यानं मिळतात. भाडेकरूला भिंतीत खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं, आणि घर सोडताना सगळं होतं तसं करून द्यावं लागतं. चारशे पानांत काहीही घडवा, शेवटच्या पानावर यानाचा कप्तान कर्क त्याच खुर्चीत बसलेला पाहिजे. ज्या कादंबरीत शेवटी कुणाचं काही बदलूच शकत नाही ती कादंबरी कशी, असं तुम्ही विचारता तेव्हा माझ्याकडे चटकन उत्तर नसतं. हे एकदा कबूल करतो.

तिसरं उत्तर पुराव्यांचं. ते मला अजून तोंडपाठ आहे. कर्कचं यान चालवणाऱ्या सुलूला मूळ मालिकेत पहिलं नावच नव्हतं. ‘हिकारू’ हे नाव व्होंडा मॅकिन्टायरबाईंनी १९८१ च्या कादंबरीत वापरलं आणि दहा वर्षांनी सहाव्या चित्रपटात ते पडद्यावर उच्चारलं गेलं. आणि बाई कोण? त्याआधीच ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेचे दोन्ही मोठे पुरस्कार मिळालेल्या. ‘डॉक्टर हू’ ही ब्रिटिश मालिका घ्या. मालिका बंद पडलेली असताना पॉल कॉर्नेलनं १९९५ मध्ये लिहिलेली कादंबरी २००७ मध्ये मालिकेनंच उचलून दोन भागांत दाखवली. स्टार वॉर्स या चित्रपटमालिकेतल्या राजधानीच्या ग्रहाला कोरसंट हे नाव टिमथी झाननं १९९१ मध्ये पुस्तकात दिलं, ते पुढे स्टार वॉर्सचा कर्ता जॉर्ज लुकस याच्या चित्रपटांत आलं. म्हणजे उलटी गंगा.

पण हे सांगताना एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. मी पुस्तक चांगलं आहे असं कुठे सांगत होतो? पडद्यानं ते मान्य केलं, एवढंच सांगत होतो. सासरच्यांनी कौतुक केलं म्हणून मुलगी गुणी, अशातला प्रकार.

खरोखर चांगलं कुठलं, असं मला झोपेतून उठवून विचारलंत तर मी जॉन एम. फोर्डचं नाव घेईन. १९८४ ची कादंबरी. तोवर क्लिंगॉन, म्हणजे स्टार ट्रेकमधली परग्रहावरची लढवय्यी जमात, नुसते खलनायक, तोफा डागायच्या आणि हरायचं. फोर्डनं गोष्ट त्यांच्या घरातून सांगितली. सुरुवात एका अनाथ क्लिंगॉन पोरापासून आणि पटावरच्या एका खेळापासून, ज्यात सोंगट्यांच्या जागी जिवंत माणसं उभी असतात. कर्क आहे तो चौकटीपुरता. ते वाचल्यावर मला कित्येक दिवस मालिकेतली आपली माणसं परकी वाटत होती. मालिकेनं नंतर क्लिंगॉनांची वाट वेगळीच ठरवली. त्यामुळे फोर्डनं लिहिलेलं आज अधिकृतरीत्या कुठेच ‘घडलेलं’ नाही. माझ्या लेखी ते घडलंय.

आता दुसरी बाजूही ऐका. माझ्या त्या खणातल्या पन्नासेक कादंबऱ्या पुन्हा उघडाव्यात अशा नाहीत. पाट्या टाकल्यात नुसत्या. स्पॉक बोलायच्या आधी भुवई उडवतो, बोलताना उडवतो, बोलून झाल्यावर उडवतो. एकीत मी मोजायला लागलो आणि अकराव्या भुवईला पुस्तक मिटलं. हे मी एके काळी फार चवीनं सांगायचो. आमच्या टोळक्यात ‘पाट्या टाकू’ हा माझाच शब्द होता.

टोळकं म्हणजे आम्ही पाच-सहा जण. महिन्यातून एका रविवारी किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर पुस्तकं उपसायची आणि मग माटुंग्याच्या एका उडप्याकडे जाऊन कॉफीच्या पेल्यांवर भांडायचं. एक बँकवाला होता, एक दातांचा डॉक्टर, एक फिजिक्स शिकवणारी बाई, बाकी माझ्यासारखे फुटकळ. विषय ठरलेले. कोणती कादंबरी ठेवावी, कोणती रद्दीत घालावी. स्टार वॉर्समधल्या केसाळ चूबाकाला १९९९ मध्ये पुस्तकात मारलं ते योग्य की अयोग्य. यावर डॉक्टर आणि बँकवाला चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते. मी त्यातला सगळ्यात कडक. माझं म्हणणं सरळ होतं: ज्याला स्वतःचं काही सुचत नाही तो दुसऱ्याच्या पात्रांवर लिहितो. पैशासाठी लिहितो, सहा आठवड्यांत पाडतो, आणि ते दिसतं.

आता जे सांगतोय ते मी त्या टेबलावर कधी सांगितलं नाही.

२००७ मध्ये मला पैशांची गरज होती. कशासाठी ते सोडा. ओळखीतून एका प्रकाशकाकडून काम आलं. तेव्हा चालू असलेल्या एका मराठी कौटुंबिक मालिकेची कादंबरी करायची. १८० पानं, सहा आठवडे, बारा हजार रुपये, माझं नाव नाही. दिवाळीच्या आत बाजारात यायला हवी, कारण दिवाळीनंतर मालिका राहील की नाही याची त्यांनाच खात्री नव्हती. मला सीडींचा एक गठ्ठा मिळाला आणि चार पानांची टिपणं. ‘आई कधीही आवाज चढवत नाहीत.’ ‘घरात मांसाहार नाही.’ ‘धाकट्या सुनेच्या माहेरचं आडनाव येऊ देऊ नये.’ अशी चार पानं.

पहिले पंधरा दिवस मी तुच्छतेनं लिहिलं. एपिसोड लावायचा, थांबवायचा, संवाद उतरवायचे, मध्ये ‘ती म्हणाली’ घालायचं. मग कधीतरी माझं लक्ष आत्याबाईंकडे गेलं. आत्याबाई म्हणजे घरातली विधवा आत्या. मालिकेत तिला संवाद जवळजवळ नाहीतच. देवघरात कुणी भांडत असलं की मागे बसून वाती वळत असते. जी अभिनेत्री ते काम करायची तिच्या हातांना खरोखर सवय होती. मांडीवर कापूस ठेवून एका हिसक्यात वात व्हायची, आणि वर तिचे डोळे मात्र बोलणाऱ्याकडे. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला. आणि आत्याबाईंवर अकरा पानांचं एक प्रकरण लिहिलं. घर झोपलंय, ही एकटी वाती वळतेय, वळता वळता या घरातली पन्नास वर्षं मोजतेय. मनात फोर्ड होता. मालकाचं लक्ष नसलेला कोपरा शोधायचा आणि तिथे आपलं घर बांधायचं. रात्री दोन वाजता ते प्रकरण संपलं तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो, इतकं मला ते जमल्यासारखं वाटलं.

बाड परत आलं. त्या अकरा पानांवर आडवी लाल रेघ आणि समासात एक ओळ: ‘आत्याबाईंचा ट्रॅक अजून ठरायचा आहे. अर्ध्या पानात घ्या.’

मी फोन केला. पलीकडे एक मुलगी होती, आवाजावरून बावीस-तेवीसची. फार नम्र. म्हणाली, "सर, छान लिहिलंय तुम्ही, पण आत्याबाईंना पुढे निगेटिव्ह करायचं चाललंय, त्यामुळे त्यांच्या मनात काय आहे हे आत्ता सांगता येणार नाही." मी चिडलो. अर्धं पान करून द्यायला मी साफ नकार दिला. तुम्हीच करा म्हटलं. तिनं केलं. पुस्तक आलं. उरलेले पैसे दोन महिन्यांनी आले. लेखकाची प्रत मिळायचा प्रश्नच नव्हता.

पुढच्या वर्षी, आमच्याच एका रविवारी, बँकवाल्यानं पिशवीतून ते पुस्तक काढलं. रद्दीत मिळालं होतं, दहा रुपयांना. "घ्या," म्हणाला, "आपल्याकडेही टाय-इन निघाली. आता अमेरिकेला नावं ठेवायची सोय नाही." मुखपृष्ठावर सगळं कुटुंब हात जोडून उभं. हशा झाला. डॉक्टरनं एक उतारा नाटकी आवाजात वाचला. मग पुस्तक माझ्याकडे आलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, कारण पिसं काढण्यात मी पटाईत.

मी वाचलं. स्वतःचंच. पान मला शोधावं लागलं नाही. कुठे सगळ्यात वाईट आहे ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? थोरल्या सुनेच्या डोहाळजेवणाचं वर्णन होतं, मी एका बसणीत पाडलेलं. मी ते हावभावांसकट वाचलं आणि बाकीचे हसून हसून टेबलावर पडले. मीही हसलो. खोटं नाही, खरंच हसू आलं, ते इतकं वाईट होतं.

मग फिजिक्सवाल्या बाईंनी पुस्तक घेतलं, उगाच चाळलं आणि म्हणाल्या, "थांबा रे. हे एक वाक्य बघा." आणि वाचलं: ‘आत्याबाईंना जेवायला कुणी हाक मारत नसे, ताट मात्र मोजून वाढलेलं असायचं.’

कुणी हसलं नाही. डॉक्टर म्हणाला, "हे बरंय." बाई म्हणाल्या, "बरं नाही, चांगलं आहे. लिहिणाऱ्याला येतंय. बाकीचं त्यानं का असं केलं असेल?"

ते वाक्य माझं नव्हतं. माझ्या अकरा पानांत ताट नव्हतंच. ते त्या फोनवरच्या मुलीचं.

मी कॉफी संपवली. काही बोललो नाही. तेव्हा ‘हे माझं पुस्तक’ म्हणालो असतो तर वाक्याचं श्रेय फुकट मिळालं असतं, आणि ‘वाक्य माझं नाही’ म्हणालो असतो तर उरलेली १७९ पानं माझ्या अंगावर आली असती. यातलं कुठलं कारण खरं, हे मी अजून स्वतःला नीट विचारलेलं नाही.

त्यानंतर टेबलावर माझी बाजू बदलली, एवढं सगळ्यांच्या लक्षात आलं. मी टाय-इनवाल्यांचा वकील झालो. मुदत, मानधन, हक्कधारकांच्या लाल रेघा, सगळं मी सांगायला लागलो. अॅलन डीन फॉस्टरनं पहिल्या स्टार वॉर्स चित्रपटाचं पुस्तक लिहिलं आणि वर नाव लुकसचं. २०२० मध्ये त्याच्या रॉयल्टीसाठी लेखक संघटनेला स्टार वॉर्सची नवी मालक असलेल्या डिस्नेशी जाहीर भांडावं लागलं, हेही सांगितलं. पण आमच्या पुस्तकातलं एकुलतं एक चांगलं वाक्य त्या लाल रेघेतूनच आलं होतं, हे कधी सांगितलं नाही. ते सांगितलं तर माझा खटला कोसळतो. लाल रेघ नसती तर माझी अकरा पानं छापली गेली असती, आणि आता मला वाटतं की ती रडकी होती. काही दिवस असं वाटतं; काही दिवस वाटतं की छे, ती छान होती, आणि त्या पोरीनं त्यांचा अर्क काढून स्वतःच्या नावावर केला. नाव तिचंही नव्हतं म्हणा.

२०१४ च्या एप्रिलमध्ये स्टार वॉर्सच्या जुन्या कादंबऱ्या एका फटक्यात ‘दंतकथा’ ठरवल्या गेल्या तेव्हा बँकवाल्यानं मला रात्री अकराला फोन केला होता. तो रडवेला झाला होता. वीस वर्षं वाचलेलं एका निवेदनात घडलंच नाही असं ठरलं. मी त्याला म्हटलं, अरे, ते आधी तरी कुठे घडलं होतं? तो म्हणाला, "तू फार कोरडा आहेस." २०२१ मध्ये माझ्यावर वेळ आली. स्टार ट्रेकच्या नव्या मालिकेमुळे कादंबऱ्यांमधलं समांतर जग बंद करायची पाळी आली, आणि तीन लेखकांनी तीन कादंबऱ्यांत ते स्वतःच मिटवलं. संन्यास घेताना माणूस जिवंतपणी स्वतःचं श्राद्ध घालतो, तसं. ती तीन पुस्तकं मी एका आठवड्यात वाचली. चांगली होती का? डोळे भरून आले असताना मला ते कसं सांगता येणार? इतर कुणी वाचली तर त्याला कदाचित नुसती पडझड दिसेल.

तेव्हा ‘चांगली असतात का’ याला माझं आजचं उत्तर असं की, मी पंच म्हणून बाद आहे. फोर्ड वाचा, एवढं म्हणेन. हवं तर माझी प्रत नेऊन वाचा. फक्त परत द्या.

आमचं पुस्तक माझ्याकडे नाही. त्या दिवशी बँकवाल्यानं ते पिशवीत टाकलं ते त्याच्याकडेच आहे. त्याच्या कपाटात आसिमॉव्हच्या ‘फाउंडेशन’ या नावाजलेल्या विज्ञान कादंबरीच्या शेजारी उभं असतं, गंमत म्हणून. मला ते वाक्य एकदा छापलेलं बघायचंय, पण मागायचं तर कारण सांगावं लागलं असतं. हे वाचल्यावर त्याचा फोन येईलच.