बाप असून रक्त का नाही दिलंस?

चवथीला गणपतीवर माटोळी (फळाफुलांचं छत) बांधायला घरची माणसं जमली की कोणीतरी विचारतंच, पोरगी वेळेआधी झाली, तिला रक्त चढवलं, मग तुझं का नाही दिलं? काकींच्या मते मी सुईला घाबरलो. आता तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी रक्त लागलंच का ते. किलोभराच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून ९०-१०० मिली रक्त, म्हणजे अर्धा कप चहा. त्यातलंच तपासण्यांना थोडं थोडं काढावं लागतं, आणि गेलेलं भरून काढायला हवं ते एरिथ्रोपोएटिन नावाचं हार्मोन या मुलांत पुरेसं बनत नाही, तांबड्या पेशीही आपल्यासारख्या १२० दिवस टिकत नाहीत, आणि आईकडून लोह मिळतं ते मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, नेमके तेच हुकलेले. लोहाचे थेंब देतातच, पण ते सावकाश काम करतात, आणि आमची तर दूध पिता पिता श्वास घ्यायची थांबायला लागली होती.

उगाच देतात असंही नाही हां. २०२० मध्ये अमेरिकेतला आणि युरोपातला असे दोन मोठे अभ्यास आले, हिमोग्लोबिन बरंच उतरेपर्यंत थांबलं काय नि आधीच रक्त दिलं काय, मुलं दोन वर्षांची झाल्यावर फरक दिसला नाही. त्यामुळे आता डॉक्टर नुसता आकडा बघत नाहीत, बाळाकडे बघतात.

आता माझं. मी बाही वर करून तयारच होतो, डॉक्टरांनी बसवून समजावलं. दिलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, परक्याच्या असल्या की शरीर त्यांना सहसा मारून टाकतं, पण सख्ख्या नात्यातल्या इतक्या मिळत्याजुळत्या असतात की त्या ओळखूच येत नाहीत, आत मुक्काम ठोकतात आणि उलट बाळावरच हल्ला करतात. क्वचितच होतं, पण झालं की मूल सहसा वाचत नाही. रक्ताला किरणं दिली की हा धोका टळतो. दुसरं म्हणजे बापाच्या पेशींविरुद्ध आईच्या अंगात अँटिबॉडी (परक्या पेशींशी लढणारी प्रथिनं) तयार झालेल्या असू शकतात आणि त्या नाळेतून बाळात उतरतात, मग बापाचं रक्त दिलं तर त्यातल्या पेशी त्या मोडू शकतात, म्हणून रक्त जुळवताना आईचंही सॅम्पल घेतात. ज्याचं पोर त्याचंच रक्त नको, ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटलं.

मग कोणा अनोळखी माणसाचं आलं. केवढंसं, तर १५ मिली, सिरिंज पंपाला लावलेलं, पंपाचा दट्ट्या हलतोय की नाही तेच कळेना, तीन-चार तास लागले. एका दात्याच्या रक्ताच्या छोट्या छोट्या पिशव्या करून ठेवतात, परत लागलं तर त्याच माणसाचं मिळावं म्हणून, हे मला फार आवडलं.

माझं मी नंतर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) रक्तपेढीत दिलं, कोणा दुसऱ्याच्या कामी आलं असेल. पुरुषांना दर ९० दिवसांनी देता येतं. जाणार असाल तर उपाशीपोटी जाऊ नका, आधी भरपेट खाऊन घ्या.