खून कोणाच्या हद्दीत झाला?

कादंबरीच्या पहिल्या खर्ड्यात मी व्हर्जिनियातल्या एका पेट्रोल पंपावर खून घडवला आणि पुढच्याच पानावर एफबीआयचे दोन एजंट उभे केले. ते प्रकरण आता रद्द केलंय. इथे अमेरिकेत साधा खून हा राज्याच्या कायद्याखालचा गुन्हा. तपास स्थानिक पोलिसांचा. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे वाक्य आपण चौकीत ऐकतो, इथे त्यावर अख्खा खटला उभा राहतो किंवा पडतो.

सीबीआयचं उदाहरण आठवा. महाराष्ट्राने २०२० मध्ये तिला राज्यात तपासासाठी दिलेली सरसकट संमती काढून घेतली, २०२२ मध्ये परत दिली. एफबीआयला राज्याची संमती लागत नाही, पण गुन्हा केंद्राच्या कायद्यात बसावा लागतो.

ओक्लाहोमा राज्यातल्या ओसेज या मूळ अमेरिकन जमातीची हकिकत वाचली तेव्हा हे खरं उमगलं. जमिनीखालच्या तेलाने ते श्रीमंत झाले आणि १९२० च्या दशकात एकामागून एक मारले गेले. सूत्रधार विल्यम हेल. त्याला केंद्राच्या कोर्टात खेचता आलं ते हेन्री रोन या ओसेज माणसाच्या खुनामुळे, कारण रोनचा मृतदेह सापडला ती जमीन केंद्राच्या निर्बंधाखालची होती. हा मुद्दा १९२६ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हेलला जन्मठेप झाली १९२९ मध्ये. इतकी माणसं गेली आणि न्याय अडला होता सातबाऱ्यासारख्या एका नोंदीवर! त्या रात्री मला झोप लागली नाही.

तेव्हापासून मी कोर्टाचे कागद वाचते. 'पेसर' या सरकारी संकेतस्थळावर पानाला १० सेंट पडतात. एजंटांची प्रतिज्ञापत्रं तर जरूर वाचावीत: मी इतकी वर्षं सेवेत आहे, अमुक दिवशी अमुक गाडी पाहिली. विशेषणं जवळजवळ नाहीतच. जबाब घ्यायला एजंट सहसा जोडीने का जातात, तेही कळलं. एक विचारतो, दुसरा टिपणं घेतो. मग 'एफडी-३०२' या फॉर्मवर अहवाल टाइप होतो. एजंटांशी जाणूनबुजून महत्त्वाचं खोटं बोलणं हाच वेगळा गुन्हा, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. माझ्या नायिकेचा नवरा आता इथेच अडकणार आहे.

आणि मृतदेह? तो मी पंपावरून जॉर्ज वॉशिंग्टन पार्कवेवर हलवलाय. पोटोमॅकच्या काठचा तो रस्ता नॅशनल पार्क सर्व्हिसचा, म्हणजे केंद्राच्या खात्याचा. आता आधी पार्क पोलिसांची गाडी येते, एफबीआय मागाहून.