तक्रार येण्याआधी मस्टर बोलतं

कारखान्यात एखादं प्रकरण पेटलं की मॅनेजरच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं: "मला कुणी सांगितलंच नाही." बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीतलं साठ-शंभर माणसांचं युनिट घ्या. हजेरीचं मस्टर, ओटीचं (ओव्हरटाइमचं) रजिस्टर, प्रथमोपचाराची वही आणि रिवर्कचा (बिघडलेलं काम पुन्हा करण्याचा) आकडा या चार ठिकाणी ते प्रकरण बरंच आधी उतरलेलं असतं. वह्या असतातच. फक्त पगार काढायला आणि इन्स्पेक्टरला दाखवायला ठेवलेल्या असतात, वाचायला कुणी उघडत नाही.

मस्टरपासून सुरुवात करू. त्यातला सगळ्यात निरुपयोगी आकडा म्हणजे महिन्याची एकूण हजेरी. ९२ टक्के मागच्या महिन्यात, ९२ या महिन्यात, सगळं आलबेल. पण मागच्या महिन्यात खाडे सगळीकडे विखुरलेले होते आणि या महिन्यात निम्मे एकाच लाइनवर, एकाच सुपरवायझरच्या पाळीत पडलेत, हे ९२ मध्ये दिसत नाही. म्हणून खाडे लाइननुसार आणि पाळीनुसार वेगळे काढा.

दुसरं, दिवस मोजू नका, वेळा मोजा. सहा दिवस सलग गावी गेलेला माणूस आणि दोन महिन्यांत सहा वेळा एकेक दिवस दांडी मारणारा माणूस मस्टरवर सारखेच दिसतात, पण गोष्ट वेगळी आहे. ब्रॅडफर्ड फॅक्टर नावाचं एक साधं गणित यासाठी वापरतात: खाडे किती वेळा पडले त्या संख्येचा वर्ग करायचा आणि एकूण दिवसांनी गुणायचं. पहिल्याचे १ × १ × ६ म्हणजे ६. दुसऱ्याचे ६ × ६ × ६ म्हणजे २१६. काही ठिकाणी या आकड्यावर थेट मेमो देतात. तो मूर्खपणा आहे. २१६ चा अर्थ एवढाच की या माणसाशी या आठवड्यात बोलायचं आहे. त्याच्या वडिलांचं डायलिसिस सुरू असेल, नाहीतर लाइनवर कुणीतरी त्याचं जगणं नकोसं केलं असेल. आकडा दोन्हींना सारखाच येतो.

तुलना करताना माणसाची त्याच्याच जुन्या सवयीशी करा, आणि हंगाम विसरू नका. पेरणी, आषाढी, गौरी-गणपती, लग्नसराई या दिवसांत खाडे वाढणारच. त्या आठवड्यांची तुलना मागच्या वर्षीच्या त्याच दिवसांशी करा, तीही तिथीने. गणपती कधी ऑगस्टच्या अखेरीस येतात, कधी सप्टेंबरच्या मध्यावर. तारखेने तुलना केली तर उगाच घबराट होते.

ठेक्यावरच्या माणसांचं मस्टर मात्र फसवं असतं. वीस माणसं द्यायची ठरली की ठेकेदार वीस देतो. एक गळला की दुसऱ्या दिवशी दुसरा उभा. कागदावर खाडा शून्य, डोकी पूर्ण, चेहरे नवे. इथे एकच प्रश्न विचारायचा: एक तारखेला या लाइनवर जी वीस माणसं होती त्यांतली किती तीस तारखेला इथेच आहेत? हा आकडा वीसवरून अकरावर आला असेल तर तीन जागी बघा: ठेकेदार पगार कापतोय का, सुपरवायझर शिवीगाळ करतोय का, आणि नव्या माणसाला पहिल्याच दिवशी कुठल्या मशिनवर उभं करतात. तिसऱ्या प्रश्नाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही.

काही बदल मस्टरमध्ये नसतात, रजेच्या अर्जात असतात. पंधरा दिवस आधी रजा मागणारा माणूस सकाळी सातला व्हॉट्सॲप करायला लागला, की त्याने मनाने हात काढून घेतलेला असू शकतो. पाळी बदलून मागणाऱ्याला नवी पाळी का हवी हे विचारतात, जुनी का नको हे कुणी विचारत नाही. आणि याच्या उलट, स्टोअर, खरेदी किंवा भंगाराच्या वजनकाट्यावरचा जो माणूस वर्षभर एकही रजा घेत नाही, त्याच्या निष्ठेचा सत्कार करण्याआधी त्याला सलग आठवडाभर सुट्टीवर पाठवा आणि काटा दुसऱ्याच्या हाती द्या. तो प्रामाणिक असेल तर त्याला विश्रांती मिळेल, त्यात कुणाचंच नुकसान नाही.

ओटी नाकारली जाते तेव्हा

ओव्हरटाइमसाठी माणसं भांडतात, हे नेहमीचं. कायद्याने त्याचा दर दुप्पट आहे आणि अनेकांचा घराचा हप्ता त्यावर चालतो. तेव्हा माणसं ओटी नको म्हणायला लागली की कान टवकारा. एक तर थकवा हाताबाहेर गेलेला असतो, नाहीतर केलेले तास स्लिपवर येत नसतात. तपासणी सोपी आहे. पगार झाला की त्या आठवड्यात कुठलीही पाच नावं उचला, त्यांत किमान दोन ठेक्यावरची. पंचिंगचे तास, ओटी रजिस्टर आणि पगाराची स्लिप शेजारी शेजारी ठेवा, मग त्या माणसालाच विचारा की खात्यात प्रत्यक्ष किती जमा झाले. अर्ध्या तासाचं काम आहे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी शेवटी मूळ मालकावर येते. त्यामुळे "तो ठेकेदाराचा विषय आहे" हे उत्तर माणुसकीला धरून नाहीच, हिशेबालाही धरून नाही.

प्रथमोपचाराच्या वहीत दोन महिने एकही नोंद नसेल आणि शॉप प्रेसचं (पत्रा दाबून कापणाऱ्या, आकार देणाऱ्या मशिनचं) असेल, तर आनंद मानू नका. पत्रा हाताळणाऱ्याला कधीतरी कापतंच. वहीतल्या नोंदी आणि पेटीतल्या पट्ट्यांचा खप जुळवून बघा. पट्ट्या चाळीस संपल्या आणि नोंदी दोन, तर अडतीस वेळा कुणीतरी हात रुमालात गुंडाळून गप्प बसलाय. (नोंद एका जखमेची आणि पट्ट्या तीन, असंही होतं, पण फरक एवढा नसतो.) अमेरिकी सुरक्षातज्ज्ञ हाइनरिशने १९३१ मध्ये मांडलेलं एक गंभीर दुखापत, २९ किरकोळ आणि ३०० बिनदुखापतीच्या घटना हे प्रमाण सेफ्टीच्या प्रत्येक वर्गात फळ्यावर येतं. त्यावर वाद आहेत, आणि ते आकडे कुठल्याही शॉपला जसेच्या तसे लावू नयेत. पण किरकोळ घटना दिसेनाशा झाल्या की मोठीचा अंदाज येत नाही, एवढं त्यातून घेता येतं. त्या का दिसेनाशा होतात? बहुतेक वेळा गेटवरच्या "अपघातविरहित दिवस" या पाटीमुळे आणि तिच्याशी जोडलेल्या बक्षिसामुळे. २०० दिवस पूर्ण व्हायला तीन दिवस उरलेत, तेव्हा कापलेलं बोट कोण दाखवणार?

प्रेसवर फिरताना दोन हातांची बटणं बघा; दोन्ही एकदम दाबली तरच मशिन चालतं, म्हणजे हात आत राहत नाहीत. एक बटण पट्टीने चिकटवलेलं किंवा फिक्स्चरने दाबून ठेवलेलं सापडलं तर ऑपरेटरला झापणं हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात कमी उपयोगाचा मार्ग. मशिन तिथल्या तिथे थांबवा, बटण मोकळं करा, आणि मग टार्गेट कसं काढलं होतं ते विचारा. तासाला ४०० नगांचं टार्गेट काढताना पत्र्याची कॉइल (गुंडाळी) बदलण्याची बारा मिनिटं धरलेली नसतील, तर तो माणूस ४८ मिनिटांत ४०० काढायला बघतोय. म्हणजे खरा वेग तासाला ५००. तो भरून काढायला त्याच्याकडे बटण बांधण्याशिवाय दुसरं काही नव्हतं. चूक प्लॅनिंगच्या शीटमध्ये आहे आणि ती वाढता वाढता बोटापर्यंत आलेली आहे.

"सगळं ठीक ना?" याचं उत्तर "हो साहेब" असंच येतं

वह्या वाचून कुठे बघायचं ते कळतं, काय झालंय ते माणसांकडूनच कळतं. त्यासाठी प्रश्न असा हवा की "हो" म्हणून सुटता येणार नाही. या आठवड्यात कुठलं काम दोनदा करावं लागलं? काल कशासाठी वाट बघत थांबलात? उद्या नवा पोरगा तुमच्या शेजारी उभा राहिला तर त्याला कशापासून जपून राहा म्हणाल? शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे, कारण त्यात माणूस स्वतःची तक्रार करत नाही, दुसऱ्याची काळजी घेतो. जे स्वतःबद्दल कधी बोलला नसता ते नव्या पोराच्या निमित्ताने बोलून जातो.

जागा आणि वेळही पाळावी लागते. केबिनमध्ये बोलावलं की सगळं शॉप बघतं, आणि बाहेर आल्यावर त्याला दहा जणांना उत्तर द्यावं लागतं. मशिनपाशीच बोला, पण सुपरवायझरच्या कानाआड. पाळी सुटताना बोलू नका. कंपनीची बस निघायची असते आणि माणसाचं लक्ष घड्याळात असतं. चहानंतरची पंधरा मिनिटं सगळ्यात बरी. आठवड्याला दोन माणसं धरली तर ऐंशी जणांच्या युनिटला चाळीस आठवडे लागतात, म्हणून क्रम ठरवताना मस्टरने दाखवलेली नावं आधी घ्या. मधूनमधून साधी नावंही घाला, नाहीतर साहेब ज्याच्याशी बोलतात तो अडचणीत आहे असा समज पसरतो. महिन्यातून एकदा रात्रपाळीत जा. कुणी झोपलेला सापडला तर मेमो लिहिण्याआधी त्याची आधीची पाळी कधी संपली ते बघा. डबल ड्यूटी लावणारा तुमचाच सुपरवायझर असतो.

बोलण्याइतकंच न बोलणं ऐकायला लागतं. दर मीटिंगला आडवं बोलणारा माणूस तीन मीटिंगा गप्प असेल तर त्याचं समाधान झालेलं नाही, त्याने नाद सोडलाय. कँटीनमध्ये रोज एकत्र बसणारी टोळी दोन टेबलांवर विभागली, कुणी नेहमीची बस सोडून दुचाकीवर यायला लागलं, कुणी एका विशिष्ट माणसाबरोबर काम करायचं टाळतंय: हे टिपा, पण लगेच निष्कर्ष काढू नका.

हे टाळणं एखाद्या महिला कर्मचाऱ्याच्या बाबतीत दिसलं तर स्वतः चौकशी अधिकारी होऊ नका. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती असावीच लागते. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार करता येते आणि समिती कारण नोंदवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. तुमचं काम ऐकून घेणं, ही माहिती त्या महिलेला देणं आणि तोंड बंद ठेवणं. "दोघांना बसवून मिटवून टाकू" हे तर अजिबात नाही. समेट तिने मागितला तरच, समितीमार्फत, आणि पैशांच्या देवाणघेवाणीवर तर नाहीच नाही.

माणसं पहिल्याच भेटीत मोठी गोष्ट सांगत नाहीत. आधी पंखा सांगतात. कूलरचं पाणी गरम येतं, संडासाची कडी तुटलीय, हातमोजे दोन मापं मोठे आहेत. मॅनेजरला वाटतं, एवढंच? पण ती चाचणी असते. कडी ४८ तासांत लागली तर पुढची गोष्ट येते, नाही लागली तर दार बंद. म्हणून एक छोटी वही ठेवा: तारीख, काय कळलं, काय केलं, त्या माणसाला परत जाऊन कधी सांगितलं. चौथा रकाना रिकामा राहतो आणि तिथेच सगळं बिघडतं. "होणार नाही, कारण बजेट मार्चनंतर आहे" हेही उत्तरच आहे. माणसाचं नाव वहीत लिहू नका, वही हरवते. आणि "हे कोण म्हणालं?" हा प्रश्न एकदा जरी तोंडातून गेला तर पुढचं वर्षभर हवापाण्यावर गप्पा मारत बसा.

सुपरवायझरला डावलून हे करू नये. मी माणसांशी बोलणार आहे, हे त्याला आधी सांगा; वाईट बातमी स्वतःहून आणली तर त्याला चारचौघांत श्रेय द्या. बहुतेक ठिकाणी तो कालपर्यंत उत्तम ऑपरेटर होता आणि एका सोमवारी त्याच्या हातात वीस माणसं दिली गेली, माणसं कशी सांभाळायची हे न सांगता. नव्या सुपरवायझरच्या लाइनचे पहिल्या तीन महिन्यांचे खाडे आणि रिवर्क दर आठवड्याला बघा, त्याला पकडायला नाही, मदत लवकर पोचावी म्हणून. तक्रारपेटीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, तिची किल्ली कुठे आहे हे बऱ्याच ठिकाणी कुणाला माहीत नसतं. वीस किंवा अधिक कामगार असतील तर तक्रार निवारण समिती कायद्यानेच लागते, मालक आणि कामगार दोन्ही बाजूंचे सदस्य समसमान. ती कागदावर असेलच. तिला महिन्याला एक तास खरोखर बसवा.

वेळेचा हिशेब असा: सोमवारी वीस मिनिटं चार वह्या, बुधवारी दोन माणसं, शुक्रवारी आपल्या वहीतले रिकामे रकाने, पगारानंतर पाच स्लिपा. आठवड्याला तास-सव्वा तास. मात्र सुरू करण्याआधी वरच्या साहेबांना एक गोष्ट सांगून ठेवा: पहिल्या दोन-तीन महिन्यांत सगळे आकडे वाढतील. प्रथमोपचाराच्या नोंदी दोनावरून पंधरावर जातील, तक्रारी तिप्पट दिसतील. हे आधी सांगितलं नसेल तर तिसऱ्या महिन्याच्या रिव्ह्यूत तुमच्याच शॉपची अवस्था सगळ्यात वाईट दिसते, आणि मग सुपरवायझर पुन्हा पट्ट्या स्वतःच्या खिशात ठेवायला लागतात.