पनवेलचे झुकलेले थर संगणकात उभे करताना : माझा अनुभव

पुण्याकडे जाताना घाटात दिसणारे बेसाल्टचे थर जवळजवळ आडवे असतात. पनवेलच्या आसपास मात्र तेच थर पश्चिमेला, समुद्राकडे झुकतात. भूशास्त्रज्ञ ऑडन यांनी 1949 साली या उत्तर-दक्षिण पट्ट्याचं वर्णन केलं. आज आपण त्याला ‘पनवेल फ्लेक्शर’, म्हणजे पनवेलचा थरांचा वाक, म्हणतो. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मला याच पट्ट्याच्या एका तुकड्याचं त्रिमितीय मॉडेल करायचं होतं. सॉफ्टवेअर घेतलं जेमपाय, कारण ते मोफत आहे आणि पायथनवर चालतं. हाताशी माझी मोजमापं होती आणि विभागातल्या जुन्या फील्ड डायऱ्याही.

जेमपायला दोन तक्ते लागतात. एकात थरांच्या सीमेवरचे बिंदू, दुसऱ्यात थरांचा कल : एक्स, वाय, झेड, अझिमथ, डिप, पोलॅरिटी (थर सुलटा की उलटा) आणि थराचं नाव. डिप म्हणजे थराच्या उताराचा कोन, स्ट्राइक म्हणजे थरावरच्या आडव्या रेषेची दिशा. इथे अझिमथ म्हणजे डिपची दिशा, स्ट्राइक नव्हे. सगळी मेख इथेच आहे. डायरीत ‘स्ट्राइक उ-द, डिप 12 प’ असं असतं. वाचणाऱ्याला थर पश्चिमेला उतरतोय हे लगेच कळतं, पण तक्त्यात नुसतं 000 आणि 12 गेलं, तर उजव्या हाताच्या नियमाने (स्ट्राइककडे तोंड केलं की उतार उजवीकडे) तो थर पूर्वेकडे झुकतो. म्हणजे अख्खं फ्लेक्शर उलटं! म्हणून मी प्रत्येक नोंदीतलं ते ‘प’ हे अक्षर स्वतंत्र रकान्यात उतरवलं, त्यावरून स्ट्राइक 180 केला आणि 90 मिळवून डिपची दिशा 270 काढली. बेरीज 360 च्या वर गेली की 360 वजा करायचे. सरासरी काढायची असेल तर अंशांची साधी बेरीज करू नका. 355 आणि 5 यांची सरासरी 180 येते, खरी दिशा असते शून्य. सदिश करूनच सरासरी काढावी.

एक्स आणि वायचं काम सोपं होतं. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये अक्षांश-रेखांश यूटीएम या नकाशा-जाळ्याच्या 43 उत्तर झोनमध्ये बदलले, सगळं मीटरमध्ये आलं. झेडने वेळ खाल्ला. मोबाइलचा जीपीएस बहुधा एलिप्सॉइडवरची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची देतो आणि कोकण किनाऱ्यावर ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीपेक्षा 60 मीटरहून कमी भरते. खाडीकाठचे बिंदू उणे उंचीवर दिसले तर घाबरू नका. मी सगळ्या बिंदूंची उंची एकाच डीईएमवरून (भूपृष्ठाच्या उंचीच्या डिजिटल नकाशावरून) घेतली. बिंदू आणि भूपृष्ठ एकाच संदर्भात असले की निम्मा गोंधळ मिटतो.

खरा कस लागतो तो उताराच्या आकड्यात. 10 अंशांचा थर एका किलोमीटरला साधारण 176 मीटर खाली जातो, 12 अंशांचा 213. क्लिनोमीटर (उतार मोजायचं साधन) खडबडीत पृष्ठावर ठेवून दोन अंशांची खात्री कुणी द्यावी? त्यातून पाहोहो (गुळगुळीत सायीच्या) लाव्हाचे लोब, म्हणजे फुगवटे, मुळातच उंचसखल थिजलेले. एका लोबवरचा उतार हा थराचा उतार नव्हे. म्हणून जिथे लाल बोलचा (दोन लाव्हाथरांमधल्या लाल मातकट पट्ट्याचा) थर दूरवर दिसत होता, तिथे त्याच्यावरचे एका रेषेत नसलेले तीन बिंदू घेऊन कल काढला. या पद्धतीवर माझा होकायंत्रापेक्षा जास्त विश्वास आहे. बेसाल्ट स्वतः चुंबकीय असतो, सुई ओढली जाते. मी दोन जागांवरून एकमेकींचं बेअरिंग (होकायंत्रावरची दिशा) घेत असे. फरक 180 न आल्यास ती नोंद मॉडेलबाहेर ठेवायची.

पहिलं मॉडेल तयार झालं तेव्हा पूर्वेचे आडवे थर पश्चिमेला अलगद वाकताना दिसले. पाहून आनंद झाला, पण तो गुळगुळीतपणा अर्धा गणिताचा आहे. बिंदूंच्या मधली जागा जेमपाय सलग वक्राने भरतं. हे फ्लेक्शर म्हणजे भ्रंशांमुळे (खडक तुटून सरकल्यामुळे) तयार झालेली रचना आहे, असं मानणारे अभ्यासक आहेतच. भ्रंश आपण सांगितल्याशिवाय सॉफ्टवेअर तो काढत नाही. म्हणून त्याच तक्त्यांवर उत्तर-दक्षिण भ्रंश घालून मी दुसरं मॉडेल केलं. दोन्ही मॉडेल्स मोजलेल्या बिंदूंपाशी जुळतात, मधल्या भागात वेगळी होतात. जिथे ती सर्वांत जास्त वेगळी होतात, ते ओढे मी नकाशावर खुणावले आहेत. पाऊस सरला की तिथे लाल बोल शोधायला जाणार आहे.