सहा वाजताचा माळ आणि अकरा वाजताचा माळ

पदव्युत्तर प्रबंधासाठी मी बीड जिल्ह्यातील आष्टी आणि पाटोदा या तालुक्यांमधील माळरान निवडले, तेव्हा विषय आटोपशीर वाटला होता. चिंकारा आणि काळवीट साधारण किती आहेत, ते कोणत्या प्रकारच्या जमिनीवर वावरतात आणि त्याच जमिनीवर चरणाऱ्या शेळ्या-मेंढ्यांमुळे त्यांच्या वावरात काय फरक पडतो, एवढेच तीन प्रश्न होते. पहिल्या दोघांना एक हिवाळा आणि तिसऱ्याला आठवडाभर पुरेल, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात दीड वर्ष गेले आणि त्यातला बराचसा काळ त्या तिसऱ्या प्रश्नानेच घेतला.

हे दोन्ही प्राणी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि वनजमिनीवर नुसते फिरून नोंदी करण्यासाठीही मला लेखी परवानगी घ्यावी लागली. ती मिळायला अपेक्षेपेक्षा जास्त वेळ लागला, पण मिळाली. गायरानावरची अडचण वेगळी होती. ‘इथे अभयारण्य तर होणार नाही ना?’ हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारला गेला. शेजारच्या जिल्ह्यांत १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले आणि त्यात खासगी शेतेही आली, ही आठवण इकडे अजून पुसलेली नाही. त्यामुळे दुर्बीण गळ्यात घालून फिरणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने पाहत असतील, तर त्यात गैर काही नाही.

मोजणीसाठी मी ठरावीक रेषांवरून चालण्याची पद्धत घेतली. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून होणारी गणना इथे उपयोगी नव्हती, कारण चिंकारा पाला, शेंगा आणि दवातून मिळणाऱ्या ओलाव्यावर बराच काळ काढू शकतो आणि पाणवठ्यावर दिसला नाही म्हणून तो त्या भागात नाही, असे म्हणता येत नाही. रेषेवरून चालताना प्राणी दिसला की आपल्यापासून त्याचे अंतर आणि रेषेशी होणारा कोन नोंदवायचा, त्यावरून रेषेपासूनचे लंब अंतर काढायचे, आणि अंतर वाढेल तसे प्राणी नजरेतून निसटण्याचे प्रमाण कसे वाढते याचा आलेख तयार करायचा. अशा रीतीने न दिसलेल्यांचाही अंदाज बांधता येतो. मात्र रेषेवर असलेला प्राणी चुकता कामा नये आणि आपली चाहूल लागून तो हलण्याआधीची त्याची जागा नोंदली गेली पाहिजे, या दोन अटी पाळाव्या लागतात. माझ्या पहिल्या तीन रेषा मी सोयीसाठी गाडीवाटेलगत आखल्या होत्या. वाटेजवळ प्राणी मुळातच कमी थांबतात, हे लक्षात आल्यावर त्या तिन्ही रेषांच्या नोंदी टाकून द्याव्या लागल्या. विश्वासार्ह आलेखासाठी साठ ते ऐंशी नोंदी असाव्यात असे मानतात. पहिल्या हिवाळ्यात चिंकाऱ्याच्या त्याच्या निम्म्याही झाल्या नाहीत.

तरीही एक निष्कर्ष मला स्पष्ट दिसू लागला होता. कुसळीचा उघडा माळ, तरवड आणि बोरीची झुडपे, गिरीपुष्पाची लागवड आणि पिके अशी जमिनीची विभागणी करून प्रत्येक प्रकारातील प्राण्यांचा वाटा त्या प्रकाराच्या क्षेत्राच्या वाट्याशी ताडून पाहिला, तर उघड्या माळाचे गुणोत्तर एकाहून बरेच जास्त येत होते, म्हणजे प्राणी त्याच्या क्षेत्राच्या मानाने तिथे जास्त दिसत होते, आणि जनावरांचा काहीच परिणाम दिसत नव्हता. हा निष्कर्ष मी मार्गदर्शकांना मोठ्या उत्साहाने सांगितलाही होता.

तो खोटा कसा ठरला, हे मला एका म्हाताऱ्या मेंढपाळाने दाखवले. मी त्यांना आबा म्हणत असे. चिंकाऱ्याच्या लेंड्या म्हणून मी पिशवीत भरत असलेल्या लेंड्या त्यांनी हातात घेतल्या आणि म्हणाले, “ताई, ह्या माझ्या शेळ्यांच्या हायेत. शेळी चालता चालता टाकत जाती. हरीण एकाच जागंवर परत परत येतंय.” चिंकारा ठरावीक जागी लेंड्यांचे ढीग करतो, हे मी पुस्तकात वाचले होते, पण आकाराकडे पाहण्याच्या नादात जागेकडे पाहिलेच नव्हते. ढीग शोधण्यासाठी त्यांच्यासोबत भर दुपारी फिरले, तेव्हा सकाळी जिथे मी चिंकारा नोंदवले होते त्याच उतारावर शेळ्या-मेंढ्यांची दोन खांडे, म्हणजे कळप, आणि चार कुत्री होती. माझ्या फेऱ्या साडेसहाला सुरू होऊन नऊला संपत आणि शेळ्या-मेंढ्या माळावर येत दहानंतर. जनावरे नसलेल्या वेळी मोजून मी जनावरांचा परिणाम नाही असे लिहिणार होते.

चूक एवढ्यावर थांबत नव्हती. इथले मेंढपाळांचे काही वाडे, म्हणजे मेंढ्यांसह फिरणारे तांडे, दिवाळीनंतर बाहेर पडतात आणि पाऊस लागला की परततात, म्हणजे मी निवडलेला हिवाळा हाच मेंढ्या सर्वांत कमी असण्याचा काळ होता. सगळे नव्याने करावे लागले. प्रत्येक रेषा सकाळी आणि अकरानंतर अशी दोनदा, आणि हिवाळ्याबरोबर पावसाळ्यातही चालले. शेळ्या, मेंढ्या, गुरे आणि कुत्री यांच्या नोंदी वन्यप्राण्यांच्याच तक्त्यात घेतल्या. पावसाळ्यात गवत गुडघ्याच्या वर गेले की बसलेला चिंकारा दिसत नाही, म्हणून त्या हंगामाचा आलेख वेगळा काढावा लागला. दुपारच्या नोंदींत चिंकारे झुडपांत आणि ओढ्यांच्या घळींत सरकलेले दिसले, काळविटांचे कळप मात्र उघड्यावरच राहून खांडांपासून अंतर राखत होते. प्रत्यक्ष मेंढ्यांपेक्षा कुत्र्यांमुळे ते अधिक दूर जातात, असे माझे मत झाले, पण ते सिद्ध करण्याइतक्या नोंदी माझ्याकडे नव्हत्या आणि प्रबंधात मी तसेच लिहिले.

जागेची निवड मोजताना ‘उपलब्ध’ जमीन म्हणजे काय, हा प्रश्न मी नकाशावर सोडवला होता. अकरा वाजता कुत्र्यांसह खांड बसलेला उतार नकाशावर गवताळ माळच असतो, पण चिंकाऱ्याला तो त्या वेळी उपलब्ध नसतो. शेवटी गुणोत्तरे सकाळ आणि दुपार अशी दोन स्तंभांत दिली. पावसाळ्यातील संख्येच्या अंदाजाची खालची आणि वरची मर्यादा एकमेकींपासून इतकी लांब आली की तो आकडा गाळावा, असे मला सुचवण्यात आले होते. मी तो तसाच ठेवला आणि शेजारी त्या हंगामातील नोंदींची संख्या लिहिली.