१०० पुरतात की ३०० हवेत?

आज इंटरनेट कंपनीचा माणूस फोनवर मागेच लागला होता, "सर, १०० वरून ३०० एमबीपीएसचा प्लॅन घ्या, सगळं सुसाट चालेल." (एमबीपीएस म्हणजे नेटचा वेग मोजायचं एकक.) मी नाही म्हटलं.

नेटफ्लिक्स स्वतःच ४के म्हणजे अतिस्पष्ट व्हिडिओसाठी १५ एमबीपीएस सांगतं. व्हिडिओ कॉलला तीन-चार खूप झाले. दोन टीव्ही, मुलीचा क्लास आणि माझी मीटिंग एकदम चालू असली तरी ५० च्या आत भागतं!

मग आतल्या खोलीत आईचा कॉल का अडकतो? बसवणाऱ्याने वाय-फायचा राउटर टीव्हीमागे कोंबलेला, मध्ये दोन भिंती आणि लोखंडी कपाट. संध्याकाळी तो पॅसेजमध्ये उंचावर लावला, फोन वाय-फायच्या जास्त वेगाच्या ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर घेतला. आईचा चेहरा आता अजिबात थिजत नाही.

रोज मोठे व्हिडिओ अपलोड करणाऱ्यांनी जरूर मोठा प्लॅन घ्यावा, तोही अपलोडचा वेग विचारून. पण एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांच्या गळ्यात ३०० चा प्लॅन मारतात, याचा खरंच राग येतो. सरकारच्या दूरसंचार विभागाच्या २०२३ च्या व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस. आमच्या गावी तेवढंही सलग मिळत नाही. वेग वाढवायचाच, तर आधी तिथे वाढवा.